पेण-रोह्यातील नेत्ररक्षणाचा प्रश्न

पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तीला रंग चढला, दागिने सोनेरी झाले, तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत त्या मूर्तीत देव आला असे कोणी मानीत नाही. ही आखणी नवशिक्याच्या हाती दिली जात नाही. ती वर्षानुवर्षे हात बसलेल्या कारागिराचे काम होय. परंतु हात बसावा आणि डोळ्यांनी साथ सोडू लागावे, हे दोन्ही बहुधा एकाच वयात घडते. चाळिशीच्या सुमारास जवळचे बारीक दिसणे कमी होणे हा निसर्गनियम आहे, व आपल्या भाषेने चष्म्यालाच ‘चाळिशी’ हे नाव देऊन तो केव्हाच नोंदून ठेवला आहे. यावरील उपाय अल्प खर्चाचा आहे. तो वेळेवर न मिळाल्यामुळे कुशल माणसास बारीक काम सोडावे लागले, तर ते नुकसान त्या एका घराचे न राहता सबंध गावाच्या व्यापाराचे होते.

ही केवळ कल्पना नव्हे. आसामातील चहाच्या मळ्यांत चाळीस वर्षांवरील मजुरांना जवळचे चष्मे देऊन घेतलेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चष्मा मिळालेल्यांचे काम न मिळालेल्यांच्या तुलनेने सुमारे शेकडा बावीस अधिक वाढल्याचे त्यात आढळले. पाने खुडण्यात चष्म्याचा एवढा उपयोग, तर मूर्तीच्या आखणीत, शिवणकामात, तांदूळ निवडण्यात व पेढीवरील चोपडीत तो किती असेल, याचा हिशेब व्यापारी वाचकांना आम्ही सांगावयास नको.

रोह्याकडे वळल्यास प्रश्नाचे दुसरे अंग दिसते. भातकापणी व मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाऊन बुबुळास जखम होते. ती किरकोळ मानून घरगुती औषध घातले, म्हणजे तीत बुरशी धरून बुबुळावर कायमचे फूल पडण्याचा धोका असतो. धाटावसारख्या कारखान्यांच्या वसाहतीत रासायनिक द्रव डोळ्यात उडाल्यास पहिली मिनिटेच मोलाची. भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहणे हाच त्या वेळचा उपचार. काचबिंदू व मधुमेहाने पडद्यास होणारी इजा बहुधा दुखत नाही, खुपत नाही, आणि कळून येईपर्यंत गेलेली दृष्टी सहसा परत मिळत नाही. यांपैकी एकही गोष्ट शिबिराच्या तारखेची वाट पाहत थांबत नाही.

शिबिरांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. पनवेल येथील शंकरा नेत्र रुग्णालयासारख्या धर्मादाय संस्था आपल्या जिल्ह्यात आहेत, हे आपले भाग्य होय. सरकारनेही १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला आहे. २००६-०७ च्या पाहणीत शेकडा १ असलेले अंधत्वाचे प्रमाण २०१५ ते २०१९ च्या पाहणीत शेकडा ०.३६ वर आले. मधल्या काळात, २०१७ मध्ये, अंधत्वाची व्याख्याच बदलली, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. त्याच पाहणीत पन्नाशीपुढील लोकांत हे प्रमाण शेकडा सुमारे दोन होते, व त्यांतील दोन-तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूचे, म्हणजे शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे होते. कातकरी वाडीवरील म्हातारीस तालुक्याला न्यावयाचे तर मुलाची एक दिवसाची मजुरी बुडते; तपासणीस एकदा, शस्त्रक्रियेस दुसऱ्यांदा, पुन्हा दाखविण्यास तिसऱ्यांदा. अशी माणसे घरीच राहतात, व शिबिराच्या अहवालात त्यांची गणती होत नाही.

कोणी म्हणतील की, जेथे साप-विंचवाच्या दंशावर व बाळंतपणावर वेळेवर उपचार मिळण्याची पंचाईत, तेथे डोळ्यांचे कौतुक कशास? या आक्षेपात तथ्य आहे. परंतु आम्ही नवे रुग्णालय मागत नाही. आरोग्य केंद्रांतून मिळावयाच्या सेवांत नेत्रोपचाराचा समावेश पूर्वीच झालेला आहे. अडचण अशी की, प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आणि पेण-रोह्याची उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाने तपासलेला रोगी दुसऱ्याकडे पोहोचला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी निश्चितपणे एका माणसावर असली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. प्रत्येक प्राथमिक केंद्रात आठवड्यातील एक ठरलेला दिवस, शक्य तर बाजाराचा, नेत्रतपासणीस राखावा व जवळचा चष्मा तेथेच हातात द्यावा. आशा सेविकांनी पन्नाशीपुढील माणसांची घरोघर यादी करावी. शाळा उघडताच मुलांची नजर तपासावी. जिल्ह्याने दरवर्षी हिशेब प्रसिद्ध करावा. त्यात शस्त्रक्रिया किती झाल्या एवढेच न सांगता, त्यानंतर किती जणांना नीट दिसू लागले व किती अद्याप वाट पाहत आहेत, हेही सांगावे.

नागरिकांकडेही थोडे काम आहे. मूर्तींच्या कारखानदारांनी हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या कारागिरांचे डोळे तपासून घ्यावेत. रंग, माती व भाडे यांच्या खर्चाशेजारी चष्म्याचा खर्च चोपडीत दिसणारही नाही. भाद्रपदात घरोघर जो देव आपल्याकडे पाहतो, त्याची दृष्टी ज्यांनी रेखली त्यांची दृष्टी राखणे ही आपली नुसती कृतज्ञता नसून आपला स्वार्थही आहे.