भिडे मास्तर आपले, म्हणून मालिका निर्दोष?



'तारक मेहता का उल्टा चष्मा' मुलांसमोर बिनघोर लावावी, तीत शिव्या नाहीत, रक्तपात नाही, अंगप्रदर्शन नाही, असे मत आपल्या अंकातील पत्रात एका वाचकाने मांडले आहे. आठवी-नववीतल्या मुलांपुरते ते मला पटत नाही. मालिका बंद करा असे माझे म्हणणे नाही. आमच्याही घरी ती लागते, आणि तीतले मास्तर आत्माराम तुकाराम भिडे मूळचे रत्नागिरीचे दाखवलेले असल्याने इथे ती जरा जास्तच मायेने लागते. पण मालिकेत काय नाही हे मोजून ती मुलांना योग्य ठरवायची, ही रीत अपुरी आहे. काय आहे, तेही बघायला हवे.

जुलै 2008 पासून चाललेल्या, 4000 हून अधिक भाग झालेल्या या मालिकेतले काही विनोद ठरून गेलेले आहेत. शेजारीण बबिता दिसली की जेठालालचे भान सुटते आणि तिचा नवरा अय्यर धुमसतो. पोपटलालचे लग्न जुळता जुळत नाही. डॉक्टर हाथी खात राहतात. दुसरीतल्या पोराला यातले फारसे काही कळत नाही. टप्पूसेनेचा चेंडू आणि भिड्यांची फुटलेली काच एवढ्यावर ते खूश असते. चौदाव्या वर्षी मात्र नजर कुठे रेंगाळते आहे ते बरोब्बर कळते. बायको-मुलाचा संसार असलेला माणूस शेजारणीपुढे विरघळतो, तिच्या नवऱ्याला अडगळीसारखे वागवतो, आणि तरी सोसायटीतला सर्वांचा लाडका तोच असतो, हेही कळते. जेठालालची बायको दया साकारणाऱ्या दिशा वाकाणी 2017 पासून मालिकेत नाहीत. दया अहमदाबादला माहेरी गेली आहे असे सांगितले जाते आणि इकडे जेठालालचे 'बबिताजी, बबिताजी' चालूच. (इतकी वर्षे सून माहेरी राहिली असती तर आमच्या वाडीत बैठक बसली असती!) म्हणजे 'लहानांना चालते, मग मोठ्या मुलांना चालेलच' हा हिशेब इथे उलटा पडतो.

डॉक्टर हाथींवरचा विनोद तर सरळ शाळेतच उतरतो. वर्गातल्या जाड मुलाला हे नाव चिकटवायला पोरांना वेगळी कल्पकता लागत नाही. मालिकेतले डॉक्टर 'सही बात है' म्हणून हसतात, त्यांना कधी लागत नाही. त्या मुलाला लागते, आणि 'अरे गंमत केली' म्हटल्यावर त्याला तक्रारही करता येत नाही.

भिडे मास्तरांबद्दल माझी तक्रार नाही. पै-पैचा हिशेब, सखाराम नावाची स्कूटर, 'हमारे जमाने में'चे पालुपद, यावर आपणच सर्वांत जास्त हसतो. मार्च 2020 मध्ये जेठालालचे वडील चंपकलाल यांच्या तोंडी मुंबईची भाषा हिंदी असल्याचे वाक्य आले, तेव्हा मात्र आपण चवताळून उठलो आणि निर्माते असित मोदी यांना माफी मागावी लागली. योग्यच झाले. तशीच दुसरी गोष्ट. जेठालाल दयाला उद्देशून 'पागल औरत' म्हणायचा. त्यावर आक्षेप आला आणि ते थांबवावे लागले, असे जेठालाल साकारणाऱ्या खुद्द दिलीप जोशी यांनी मुलाखतीत सांगितले आहे. बोलले की बदलते. मग भाषेसाठी उठणारे आपण पालक शेजारणीवरच्या त्या विनोदाबद्दल कधीच का बोललो नाही?

तुलनाच करायची तर 2001 साली अल्फा मराठीवर सुरू झालेल्या 'श्रीयुत गंगाधर टिपरे'शी करावी. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'वरून केदार शिंदे यांनी ती केली होती. तिथेही घरातल्या घरातच हसू होते. पण टिपरे कुटुंबातले आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका असे आळीपाळीने सगळेच फजीत व्हायचे, आबा तर स्वतःचीच फजिती डायरीत लिहायचे. कुणाचे वजन, कुणाचे न झालेले लग्न हा कायमचा मालमसाला नव्हता. सात वर्षांचे मूल ती बघताना जांभया देईल. चौदाव्या वर्षी, आई-बापही चुकतात हे दिसू लागते तेव्हा, ती छान लागते. (स्वयंपाकघर श्यामलाच्याच गळ्यात होते, हे मान्य.)

सरकारी नियमांकडे बघावे तर टीव्हीच्या बाबतीत मोठ्या मुलांचा विचार दिसत नाही. ओटीटीवर 2021 पासून 7, 13 आणि 16 अशा वयोगटांच्या खुणा आहेत, चित्रपटांसाठी 2023 च्या कायदादुरुस्तीने तशाच आल्या. वाहिन्यांच्या स्वयंनियमनात मात्र दोनच कप्पे आहेत: सर्वांसाठीचे, आणि रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेतले. आता मुले टीव्हीपेक्षा मोबाईलवर तुकडे बघतात, त्यात आगापिछा काहीच नसतो, नेमका बबिताचाच प्रसंग असतो. तिथे वेळेच्या बंधनाला काय अर्थ उरला? मालिकांनाही ओटीटीसारखी वयाची खूण असावी आणि ती अशा तुकड्यांवरही दिसावी, अशी माझी मागणी आहे.

खूण आली तरी घरातले काम घरातच करावे लागेल. 'बघू नकोस' म्हटले तर ते खोलीत जाऊन बघतील. शेजारी बसून 'अय्यरच्या जागी आपले बाबा असते तर?' एवढे विचारावे. त्या उत्तरावरून मूल मालिकेला तयार आहे की नाही ते कळते.

शेवटी आपल्याला एक विनंती. आपल्या पुरवणीत मालिकांबद्दल भरपूर येते, पण कोण मालिका सोडणार आणि कोणाचे लग्न ठरले, एवढेच. त्यातला एक रकाना शाळेतल्या शिक्षकांना द्यावा. आठवी-नववीतल्या मुलांनाच दिलात तर उत्तम. जेठालालच्या बाबतीत ती आपल्यापेक्षा कडक निघतील, असा माझा अंदाज आहे.

– एक पालक, मारुती मंदिर, रत्नागिरी