सोना की पायलट?

या आठवड्यात माझं डोकं खाल्लं ते भाच्यानं. लग्न जमलंय. नोकरी पुण्याला, त्यामुळे प्रश्नही पुण्याचेच. रोज रात्री ताटावर बसलो की फोन : ‘मामा, ड्रेस वॉच घेऊ की क्रोनोग्राफ?’ ज्याचं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढं असतं आणि तरी जो औंढ्याची बस निघून गेल्यावरच फाट्यावर पोचतो, त्याला हे विचारायचं! नेहमीच्या वाचकांनी तरी असली चूक केली नसती.

प्रकरण असं. ड्रेस वॉच स्वित्झर्लंडचं, पातळ, चामडी पट्ट्याचं, दीड लाखाच्या पुढचं. क्रोनोग्राफ जपानी, जाडजूड, पोलादी, दहा-बारा हजारांचं. कडेला दोन बटणं, पोटात तीन छोट्या तबकड्या, म्हणजे घड्याळाचं घड्याळ आणि स्टॉपवॉचचं स्टॉपवॉच. त्यात १ ऑक्टोबर २०२५ पासून स्वित्झर्लंडसह चार देशांशी व्यापार करार लागू झालाय आणि स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्यानं उतरणार आहे. लग्न सात वर्षं लांबव म्हटलं, तर फोन कट केला.

आता आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरात बसून विचार करा. ड्रेस वॉच पातळ कशाला, तर शर्टाच्या कफाखाली सरकावं म्हणून. आमच्याकडे बारा महिने अर्ध्या बाह्या; कफ आणायचा कुठून? त्यावर ‘३० मीटर’ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे सोसेल, एवढाच. ते घालून धरणात सूर मारायचा नसतो.

क्रोनोग्राफचीही गत तीच. त्याच्या कडेला वेग मोजायची पट्टी असते. किलोमीटरच्या एका दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबायचं. ३६ सेकंद लागले तर वेग ताशी १००. बहुतेक पट्ट्या ताशी ६० वर संपतात. आमचे रस्ते ६० पर्यंत पोचूच देत नाहीत. बरं, हळद शिजवताना तरी कामाला येईल म्हणावं, तर कढईतलं हळकुंड काडी टोचून बघतात. काडी सहज आत गेली की उतरवायचं. सेकंद कोण मोजतंय!

खरं तर हा पेच जुनाच आहे. आमच्या वेळी त्याचं नाव होतं ‘सोना की पायलट’. दोन्ही एचएमटीची, दोन्हींना रोज चावी द्यायची. सोना पातळ, सोनेरी, मिरवायचं. पायलट काळ्या तबकडीचं, रुबाबाचं. सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही जावयाची यादी ठरलेली. मारुतीच्या पारावर अडून बसलेला एक नवरदेव मला चांगला आठवतो. पायलट दिलं होतं, त्याला सोना हवं होतं. मनगट पुढं करून तो ते काळं घड्याळ येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. इकडे वाजंत्री वाजवून दमले, तिकडे मुलीचा चुलता घड्याळ बदलायला परभणीला पळाला. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. अक्षता दिवस मावळल्यावर पडल्या. मुहूर्त हुकला, पण घड्याळ मात्र बरोबर चालत होतं.

गंमत बघा, १९६१ साली देशात दोन गोष्टी झाल्या : जपानच्या सिटिझनच्या साथीनं बंगळुरूत एचएमटीनं घड्याळं बनवायला घेतली, आणि हुंडा प्रतिबंधक कायदा आला. पैकी एचएमटीची घड्याळांची कंपनी २०१६ साली बंद पडली. कायदा अजून आहे. याद्याही आहेत.

शेवटी मीच भाच्याला विचारलं, ‘पैसे कोण देतंय?’ ‘सासरेच. खुशीनं देतायत, मामा!’ ही खुशी वसमतच्या बाजारात हळद विकून यायची आहे. तेव्हा माझा निकाल ऐक : घड्याळ तुझ्या पगारातून घे. दोन्हींपैकी कोणतं घ्यायचं, ते त्याच दिवशी आपोआप ठरेल. लग्न जमलेल्या बाकीच्या भाच्यांनीही मामाला फोन लावण्याआधी आपलं पाकीट उघडून बघावं.