चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला



गळीत हंगाम आला की आपल्या घरात बोलणे एकच : तोड केव्हा, टनेज किती आणि बिल कधी. ऊस हे आपले मुख्य पीक, त्याबद्दल वाद नाही. पण उसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येतानाच सोसायटीची वजावट होऊन येतो. सोयाबीनचे दसरा-दिवाळीला होते. मधल्या काळात मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, दवाखाना हे ज्या पैशावर चालते, तो बहुतेक घरांत म्हशीचा नाहीतर कोंबडीचा असतो. आणि कोंबडीचा पैसा घरच्या लक्ष्मीच्या हातात असतो. म्हणूनच त्याचा हिशेब कोणी मांडत नाही, आणि म्हणूनच तो मांडावा असे आम्हांस वाटते.

अलीकडे गावोगाव दोन प्रकार दिसतात. पहिला, 'कोंबडीला काय लागतं, उकिरड्यावर भरते पोट' असे म्हणून काहीच न घालणारे. दुसरा, दहा कोंबड्यांसाठी दुकानातून खाद्याची तयार पोती आणणारे. आमच्या मते दोघेही तोट्यात आहेत.

हिशेब साधा आहे. बंद ठेवलेली अंड्याची कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. दहा कोंबड्यांना महिन्याला ३३ किलो झाले. तयार खाद्य किलोला ४० रुपये धरले तर १३२० रुपये. आपली गावरान कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते, म्हणजे दहा मिळून महिन्याला फार तर ५०. अंड्याला १२ रुपये धरले तरी ६०० रुपये. सातशे वीस रुपये खिशातून गेले! यालाच आपल्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. गिरिराजा, वनराजा अशा सुधारित जाती नीट सांभाळल्या तर वर्षाला १५० च्या घरात अंडी देतात. तिथे महिन्याला १५०० रुपये येतात, पण पोत्याचे पैसे वजा जाता उरतात १८०. एवढ्यासाठी कोण राबेल?

आता तिसरा मार्ग पाहा. कोंबडी दिवसभर मोकळी सोडली तर किडे, हिरवा पाला, सांडलेले दाणे यांवर तिचे अर्ध्याहून अधिक भागते. संध्याकाळी खुराड्यात घेताना गावरान कोंबडीला ४० ग्रॅम आणि सुधारित जातीला ५० ग्रॅम घरचे खाद्य पुरते. घरचे खाद्य किलोला ३० रुपयांना पडले, तर गावरानीचा महिन्याचा खर्च ३६०, शिल्लक २४०. सुधारित जातीचा खर्च ४५०, शिल्लक १०५०. हे भाव आम्ही धरून चाललो आहोत. आपल्या बाजाराचे भाव घालून प्रत्येकाने आकडा स्वतः काढावा.

दहा किलो खाद्याला मका किंवा ज्वारीची भरड साडेपाच किलो, गव्हाचा नाहीतर भाताचा कोंडा दीड किलो, सोयाबीनची पेंड सव्वादोन किलो, शिंपल्याचा चुरा अर्धा किलो, खनिज मिश्रण पाव किलोला थोडे कमी आणि मीठ चिमूट-दोन चिमूट. शिंपला चुकवू नये. तो नसला तर अंड्याचे कवच पातळ होते आणि फुटलेले अंडे खायची कोंबडीला चटक लागते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. घरची ज्वारी म्हणजे फुकटची ज्वारी नव्हे. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये आणि मक्याचा २४०० रुपये जाहीर झाला. ज्या वर्षी मका स्वस्त, त्या वर्षी ज्वारी विकावी आणि मका भरडावा. उलट असेल तर उलट करावे. मक्याचा भाव आता आपल्या धंद्याशीही बांधला गेला आहे. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले, तेव्हा डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या आणि कोंबडीवाल्यांना मका महाग झाला. ते बंधन पुढच्या हंगामाला उठले, पण डिस्टिलरीला मक्याची वाट माहीत झाली ती झालीच. तेव्हा बांधाकडेची चार ओळी मका घरच्यासाठी राखणे शहाणपणाचे.

काटकसर म्हणजे वाईट माल घालणे नव्हे. पावसात सापडून काळी पडलेली, बुरशी आलेली ज्वारी आणि जुनी शेंगदाण्याची पेंड कोंबडीला विषासमान आहे. सरकीची पेंड म्हशीला चालते, अंड्याच्या कोंबडीला नको. तिने बलकाचा रंग बिघडतो. सोयाबीनचे कच्चे दाणे पचत नाहीत, ते भाजूनच घालावेत. मळीबद्दल सभासद नेहमी विचारतात. शंभर किलोत दोन-तीन किलो मळीने भरडीचा धुरळा बसतो. जास्त झाली की कोंबड्या पातळ हगतात. बगॅस खाद्य नव्हे, खाली पसरायला चांगला. मात्र कोरडा हवा, ओल्याला बुरशी येते.

उसाचे रान ही तर आपली हक्काची चराई. नांगरामागे कोंबड्या सोडाव्यात, हुमणीच्या अळ्या त्या वेचून खातात : किडीचाही बंदोबस्त आणि पोटाचाही. पण फवारलेल्या रानात काही दिवस जाऊ देऊ नये, आणि रॉकेलच्या पाण्यात मारलेले भुंगेरे त्यांच्यापुढे टाकू नयेत.

खाद्य सांडणे हा मोठा चोर. भांडे काठोकाठ भरले की निम्मे मातीत जाते, उरलेले चिमण्या आणि उंदीर नेतात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, अशी गत. भांडे तिसरा हिस्साच भरावे आणि कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगावे. तशीच अंडी देणे बंद झालेली म्हातारी कोंबडी : खायला काळ आणि भुईला भार. जादा कोंबडे आखाडात भाव असताना विकून टाकावेत.

कोणी म्हणेल, एवढे करण्यापेक्षा मोठे शेडच का नको? ज्याच्याकडे भांडवल आणि नजर आहे त्याने जरूर करावे. पण २०२१ च्या जानेवारीत आपल्याच परभणी तालुक्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू आला, कोंबड्या मेल्या आणि आसपासच्या नष्ट कराव्या लागल्या, हे विसरता येत नाही. घरच्या दाण्यावरची दहा-वीस कोंबडी गेली तर घर दुखावते; कर्जाच्या खाद्यावरची हजारो गेली तर घर बसते. मानमोडीची लस मात्र दहा असोत की हजार, टोचलीच पाहिजे. मेलेल्या कोंबडीने खाल्लेले खाद्य सर्वांत महाग.

शेवटी एक सूचना. पेंड, खनिज मिश्रण आणि शिंपला एकेकट्याने किलो-किलो घेतला तर किरकोळ भाव पडतो. खत आपण मिळून आणतो, मग हे का नको? गटवार मागणी नोंदवून पोत्यांनी माल आणावा, एखादे भरडयंत्र बसवावे आणि परभणीच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील जाणकारांना गटाच्या बैठकीला बोलवावे. त्या बैठकीला मात्र पुरुष सभासदांनी स्वतः न येता घरातल्या बाईला पुढे करावे. खुराड्याचे दार रोज जी उघडते, हिशेबाची वहीही तिच्याच हाती असावी, आणि त्यातून उरलेल्या पैशाला घरधन्याने हात लावू नये, एवढेच आमचे सांगणे.