न जमलेल्या लग्नांची घरं

मूल नसलेल्या घराची चौकशी आपल्या बिदर जिल्ह्यातल्या हुलसूर भागात आजही बाईपासूनच सुरू होते. ओटीला, डोहाळजेवणाला तिला मागे ठेवतात. दवाखाने, नवस, उपासतापास तिनेच करायचे. पण या सीमाभागात नि:संतान घरं वाढताहेत ती मुख्यतः न जमलेल्या लग्नांमुळे, असं मला ठामपणे वाटतं.

पस्तिशी ओलांडलेला, दोन एकर कोरडवाहूत तूर-सोयाबीन घेणारा मुलगा. त्याला पोरगी देणार कोण? 1956 मध्ये बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं, तरी महाराष्ट्रातल्या निलंगा, उदगीर, उमरग्याशी आपला रोटी-बेटी व्यवहार तुटला नाही. तिकडच्या मुली आता शिकल्या. त्यांना पगारदार नवरा हवा, आणि यात त्यांचं काहीएक चुकत नाही. आईचा जन्म रानात कसा गेला, हे त्यांनी पाहिलंय.

शिवाय मुली जन्मूच दिल्या नाहीत. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या, 2001 मध्ये 913, 2011 मध्ये 894. बीड जिल्ह्यात तर 807. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रानेच केला होता, तरीही. वंशाला दिवा हवा म्हणून लेकी नाकारल्या आणि आता त्या दिव्यांनाच बायको मिळेना. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून तरुणांनी जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. लोक हसले. मला ते हसू सहन झालं नाही.

संततिनियमनाचे पुरस्कर्ते रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी विचार करून मूल होऊ दिलं नाही. तसं ठरवणाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. इथे ठरवायची संधीच मिळालेली नाही. जपानातही अपत्यहीनता वाढण्यामागे लग्नच न होणं हे मोठं कारण आहे. आपल्याकडे जनगणनेत 'किती मुलं झाली' हे फक्त लग्न झालेल्या बायकांना विचारतात, त्यामुळे लग्न न झालेला पुरुष त्या हिशेबात येतच नाही. आई आहे तोवर त्याला भाकरी मिळते. पुढे जमीन पुतण्यांकडे जाते, पण त्याचं आजारपण कुणी काढायचं, हे कोणी बोलत नाही.

याच पंचक्रोशीत लेकरू पदरात घेऊन माहेरी राहिलेल्या विधवा आहेत, नवऱ्यानं टाकलेल्या बायका आहेत. स्थळ म्हणून त्यांचं नाव निघालं की याच मुलांचे आईबाप म्हणतात, दुसऱ्याचं लेकरू आमच्या घरात नको.