यंत्र संपले, फिती उरल्या

घरातला व्हिडिओ रेकॉर्डर बिघडला, आता दुसरा कोणता घ्यावा, हा प्रश्न एके काळी दुकानात जाऊन सुटत असे. आज तो इतका सोपा राहिलेला नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या अखेरच्या मोठ्या उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, जुलै २०१६ मध्ये आपले उत्पादन थांबवले. तेव्हापासून बाजारात जे मिळते ते बहुतांशी वापरलेले असते. तरीही ग्राहक आहे, आणि त्याची गरज खोटी नाही.

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शनला रंग चढला आणि त्यापाठोपाठ व्हिडिओचे युग आले. रायगडच्या किनाऱ्यावर, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या भागांत, आखाती देशांत नोकरीला गेलेल्यांनी ही यंत्रे घरी आणली. ज्यांना ते शक्य नव्हते त्यांनी ती एका रात्रीपुरती भाड्याने आणली. पुढे लग्ने, मुंजी, साखरपुडे फितींवर उतरले. चित्रपट आता अन्य मार्गांनी सहज पाहता येतात; त्यांच्यासाठी जुन्या यंत्राची गरज उरलेली नाही. घरच्या मंगलकार्याची फीत मात्र दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.

अर्थशास्त्रात टाक आणि दौत यांसारख्या जोडीने वापरायच्या वस्तूंना पूरक वस्तू म्हणतात. एक नाहीशी झाली की दुसरीचे मोल संपते. येथे मात्र यंत्र दुर्मीळ झाले, तरी फितीचे मोल कमी होण्याऐवजी वाढतच आहे. कारण त्या फितीत दिसणारी कित्येक माणसे आज हयात नाहीत.

काळही थांबून राहिलेला नाही. चुंबकीय फितींवरील ठेवा वेळीच नव्या माध्यमात उतरवला नाही तर तो कायमचा हातचा जाईल, असा इशारा युनेस्कोने २०१९ मध्ये दिला. किनाऱ्यावरच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते. अशी फीत यंत्रात घातली तर यंत्राचे हेड खराब होते आणि बुरशी पुढच्या फितींपर्यंत पोहोचते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरील असंख्य घरांची छपरे उडवली. कपाटात ठेवलेली वस्तू सुरक्षितच असते, हा समज त्या दिवशी पार मोडला.

ज्यांना यंत्र घ्यावयाचेच आहे त्यांनी ते आपल्याकडील पाल पद्धतीचे आहे ना, हे पाहावे. केवळ अमेरिकी पद्धतीवर चालणारे यंत्र येथील फिती नीट दाखवीत नाही. आतील रबरी पट्टे व रोलर तपासावेत आणि प्रथम एखादी निरुपयोगी फीत लावून पाहावी.

परंतु पाचदहा फितींसाठी प्रत्येक घराने जुने यंत्र विकत घेणे, यात काटकसर नाही. अशा यंत्राचा उपयोग आयुष्यात काही तासच होणार. तीन तासांची फीत उतरवण्यास तीन तास लागतात. मग तेच यंत्र शंभर घरांनी वापरावे, हे अधिक शहाणपणाचे. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, तालुक्यातालुक्यांत वाचनालये आहेत, महाविद्यालये आहेत. एक चांगले दुरुस्त केलेले यंत्र, एक संगणक आणि फिरत्या पाळीने काम करणारे विद्यार्थी, एवढ्यावर हे काम उभे राहू शकते. चित्रपटांच्या प्रती काढणे कायद्यात बसणार नाही. म्हणून घरगुती चित्रणच स्वीकारावे, अल्प शुल्क घ्यावे आणि प्रत्येकाची एक प्रत घरी व एक अन्यत्र राहील असे पाहावे.

ग्रंथालयांनी आजवर छापील शब्द जपला. त्याच शेल्फाशेजारी आता माणसांचे चेहरे व आवाज जपण्याची सोय झाली पाहिजे. जी थोडी यंत्रे अद्याप चालत आहेत, ती चालत आहेत तोवरच हे शक्य आहे.