साखळी गंजते आहे

रणगाड्याचे चिलखत शतकभर टिकेल. सर्वांत आधी मरते ती त्याची साखळी. बुलडोझर आणि पोकलेनवर काम करणारी माणसे जिला ‘चेन’ म्हणतात, त्या कड्या-पिनांच्या पट्ट्यावर पन्नास टनांचे यंत्र चालते, वळते, चढते. सप्टेंबर 1965मध्ये असल उत्तरच्या शेतांत पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचा दर्प उतरवणारे डेक्कन हॉर्सचे शर्मन आणि थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन याच पट्ट्यांवर लढले. 16 डिसेंबर 1971 रोजी बसंतरच्या रणात सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्यातून अखेरच्या श्वासापर्यंत झुंजले, तो ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन आज अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये आहे. त्याच शहरात 1994 सालापासून कॅव्हलरी टँक म्युझियम उभे आहे. एवढा वारसा महाराष्ट्राच्या भूमीवर असताना त्यातल्या एखाद्या रणगाड्याची साखळी झिजली, तुटली, तर नवी कोठून आणायची, हा प्रश्न मात्र कोणाच्याही तोंडी नाही.

ही झीज कशी होते, ते राज्यकर्त्यांनी एकदा जवळून पाहावे. पिन मधोमध घासून बारीक होते, तिच्याभोवतीचे गोल भोक लांबट होते. एका कडीत वाढलेले अंतर केसाएवढे असते. शंभराच्या आसपास कड्यांत मिळून पट्टा इतका लांबतो की दातेरी चाकावर तो नीट बसत नाही आणि वळण घेताना निसटतो. तुटलेल्या कडीच्या जागी एखादी कोरी कडी घालूनही भागत नाही, कारण नव्या-जुन्या कड्यांचे अंतर जुळत नाही. दोन्ही बाजूंचे पूर्ण संच बदलावे लागतात. सेंच्युरियनची कडी मँगनीज पोलादाची. गावातल्या वेल्डरने ती सांधली की तापलेला भाग ठिसूळ होतो आणि पुढच्याच खेपेला तडकतो. शर्मनच्या पट्ट्यातले रबर तर न वापरताही म्हातारे होते. गोदामात पडलेला ‘कोरा’ संचदेखील काळ खातच असतो.

स्मारक म्हणून चौथऱ्यावर उभ्या केलेल्या रणगाड्यांची दशा याहून करुण आहे. पावसाळ्यात पट्ट्याखाली पाणी साचते, पिना कड्यांत जाम होतात आणि दरवर्षी 26 जानेवारीच्या तोंडावर त्या गंजावर रंगाचा हात फिरतो. रंगाचा तो थर हुतात्म्यांचा सन्मान नसून आपल्या अनास्थेवर घातलेले पांघरूण आहे. पुढे कधी तो रणगाडा ओढून हलवायची वेळ आली, की जाम झालेल्या कड्यांचे कानच तुटतात.

शर्मन आणि सेंच्युरियन अनेक देशांनी वापरले. जुनी भांडारे, सरावाची मैदाने धुंडाळली तर त्यांचे पट्टे परदेशात अजून सापडू शकतात. ‘विजयंता’चे काय? 1965 साली चेन्नईजवळच्या आवडी येथील कारखान्यातून बाहेर पडलेला हा रणगाडा ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीच्या आराखड्यावरचा. त्याच घराण्यातली वाहने घेणारे मोजके देश सोडले, तर त्याच्या साखळ्यांचा वारस जगात आपणच आहोत. भंगाराच्या लिलावात गेलेला विजयंताचा प्रत्येक संच भट्टीत वितळतो आणि परत मिळत नाही. त्यासोबत ती साखळी जोडणाऱ्या, ताणणाऱ्या, एका ठोक्यात पिन बसवणाऱ्या निवृत्त कारागिरांची विद्याही निघून जाते. ड्रॉइंग हरवले, नमुना वितळला आणि हातही थांबले, की मग कोट्यवधींचा निधीसुद्धा ती कडी घडवू शकणार नाही.

लष्करी सामग्री नुसती पडून राहिली तर काय होते, हे वर्धा जिल्ह्याला सांगायला नको. मे 2016च्या अखेरीस पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग भडकली आणि जवान व अग्निशमन कर्मचारी प्राणांस मुकले. रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणारे टीएनटी हे कारण म्हणून पुढे आले. साखळीच्या गंजाने कोणाचा जीव जात नाही, म्हणून तर तिच्याकडे पाहायला कोणाला सवड नाही. पण याच जिल्ह्याने 1938 साली मगन संग्रहालय उभारले, ग्रामोद्योगांची साधने जपण्यासाठी. साधन हातात फिरते तोवरच कळते, हे वर्ध्याला तेव्हापासून ठाऊक आहे. शेजारी नागपूर-भंडाऱ्यात मँगनीजच्या खाणी आहेत, वर्ध्याजवळच्या भुगावला पोलादाचा कारखाना आहे, सेवाग्रामला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कोल्हापुरात ओतकामाच्या पिढ्या आहेत. कच्चा माल आणि कौशल्य हाताशी असताना हात बांधून बसणे ही असमर्थता नव्हे, कर्तव्यच्युती आहे.

म्हणून संरक्षण मंत्रालयाने निवृत्त रणगाड्यांच्या साखळ्या लिलावाच्या याद्यांतून तत्काळ वगळाव्यात. खडकीच्या चिलखती वाहन भांडारात आणि आवडीत शिल्लक असलेले संच, साचे आणि ड्रॉइंग मोजून संग्रहालयांच्या नावे राखून ठेवावेत. राज्य सरकारने चौथऱ्यांवरील प्रत्येक रणगाड्याची पाहणी करून पट्ट्याखालचे पाणी आधी काढावे, रंगाचे नंतर पाहावे. आणि येत्या पावसाळ्यापूर्वी विजयंताच्या एका चांगल्या कडीचे अचूक माप घेऊन ती मँगनीज पोलादात ओतून पाहण्याचे काम एखाद्या फाउंड्रीला द्यावे. मापाला चांगली कडी अजून मिळते आहे, तोवरच.