बाजारहाट : डोंगरवाटेची खरेदी

श्रावण सरत आला कीं आमच्या घरांत एक वाद उपस्थित होतो. यंदा तो आमच्या पुतणीनें उपस्थित केला. तिच्या महाविद्यालयांतील दहाबारा जणांचा मेळा भाद्रपदांत हरिश्चंद्रगडास जावयाचा होता व तिलाही जावयाचें होतें. तिच्या वडिलांचें, म्हणजे आमच्या दादांचें, मत ठाम होतें : भर पावसांत डोंगर चढणें हें शहाण्या माणसाचें काम नव्हे. वहिनींनीं मुलीच्या बाजूनें दोन शब्द बोलून पाहिले व त्या स्वयंपाकघरांत गेल्या. मग सर्वांची दृष्टि मजकडे वळली. कारण १९९६ सालीं त्याच गडावरून उतरतांना मीं एक रात्र रानांत काढली आहे, आणि ती हकीकत आमच्या घरांत दोन्ही पक्षांकडून पुरावा म्हणून पुढें केली जाते.

ती हकीकत थोडक्यांत अशी. खिरेश्वराहून टोलार खिंडीनें आम्ही चौघे मित्र वर गेलों. हरिश्चंद्रेश्वराचें दर्शन झालें, केदारेश्वराच्या गुहेंतलें थंडगार पाणी पाहून झालें, कोंकणकड्यावर धुक्यावांचून कांहीं दिसलें नाहीं, आणि दुपारीं तिनाच्या सुमारास आम्ही परतीस लागलों. माझ्या पायांत दादांचे जोडे होते. चार वर्षें ते खोक्यांत, कागदांत गुंडाळून, माळ्यावर ठेवलेले. दिसावयास अगदीं कोरे. खिंडीच्या वरच्या ओल्या कातळावर उजव्या जोड्याचा सोल पुढून उघडला व थोड्याच वेळांत समूळ गळून पडला. दहा मिनिटांनीं डाव्यानेंही तीच वाट धरली. पंचा फाडून पाय बांधले. चाल मंदावली आणि अंधार पडला. चौघांत मिळून विजेरी एक, आणि तिचे सेल सकाळीं गुहेंत शिवलिंग न्याहाळण्यांत संपलेले. एका खडकाच्या आडोशाला आम्ही भिजल्या सुती सदऱ्यांनिशीं बसलों. आमच्यांतला एक मित्र फार कुडकुडत होता. मध्यरात्रीनंतर त्याचें कुडकुडणें थांबलें व तो कांहींतरी असंबद्ध बोलूं लागला. थंडी गेली म्हणून आम्हांला हायसें वाटलें. तें अत्यंत वाईट लक्षण होतें, शरीराची ऊब राखण्याची शक्ति संपत आल्याचें तें चिन्ह असतें, हें मला पुढें एका डॉक्टरांकडून कळलें, आणि त्या रात्रीपेक्षां तें ऐकतांना मी अधिक घाबरलों. माझ्या मातोश्रींनीं बळेंच गळ्यांत मारलेली एक घोंगडी माझ्या पाठीवर होती. तिची सर्वांनीं वाटभर थट्टा केली होती. मित्राचा ओला सदरा काढून ती आम्हीं त्याला गुंडाळली व त्याला मध्यें घेऊन बसलों. उजाडतां उजाडतां एक गुराखी भेटला. त्यानें आम्हांला खालीं आणलें.

यंदा हें सर्व पुन्हां एकदां सांगून झाल्यावर मातोश्रींनीं आपल्या पेटींतून साडेतीन हजार रुपये काढून माझ्यापुढें ठेवले. "पोरीला जाऊं दे. पण या खेपेस सामान तूं स्वतः बघून घे, आणि हिशेब मला दे," एवढेंच त्या बोलल्या. दादा कांहीं बोलले नाहींत. ह्या खरेदीची माहिती इतर घरांसही उपयोगीं पडेल म्हणून ह्या महिन्याचा बाजारहाट डोंगरवाटेचा.

प्रथम जोडे. अर्धा पैसा येथें गेला तरी चालेल. माळ्यावरचे कोरे जोडे कां फुटले, हें मला कित्येक वर्षें कोडें होतें. आजच्या पुष्कळ जोड्यांत वरचें कातडें किंवा कापड आणि खालचें रबर यांच्यामध्यें मऊ फेसाचा एक थर असतो. तो पॉलियुरेथेनचा असेल तर हवेंतील दमटपणा त्याच्या घटकांचे बंध हळूहळू तोडीत राहतो. जोडा वापरला काय अन् न वापरला काय, हें काम चालूंच असतें. बंद खोक्यांत, आपल्या मुंबई-कोंकणच्या हवेंत, तें निर्वेध चालतें. वरून कांहीं दिसत नाहीं. म्हणून घरांतले जुने जोडे काढाल तर त्या मधल्या थरांत अंगठ्याचें नख दाबून पाहावें व सोल दोन्ही हातांनीं वाकवून पाहावा. बारीक भेगा दिसल्या, चुरा निघाला किंवा दाबलेली खूण चिकटसर राहिली, तर तो जोडा बागेंत घालण्याच्याही लायकीचा नाहीं. इव्हीए नांवाच्या दुसऱ्या फेसाला ही व्याधि जडत नाहीं. दुकानदारास तसें स्पष्ट विचारावें. सवलतीच्या विक्रींत निम्म्या किमतीचे जोडे मिळतात त्यांतले बरेच याच कारणानें स्वस्त असतात. खोक्यावर तयार केल्याचा महिना व वर्ष छापण्याचा २०११ च्या नियमांप्रमाणें दंडक आहे. तें वाचल्यावांचून पैसे देऊं नयेत. आम्हीं एके ठिकाणीं वाचलें, तों माल तीन वर्षांपूर्वींचा निघाला, विक्रेत्यानें "बूट काय दूध आहे का, नासायला?" असा प्रश्न केला. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलों.

मापाविषयीं इतकेंच सांगतों कीं जोडे संध्याकाळीं घ्यावे, कारण दिवसभरांत पाय किंचित् सुजतो. जाड मोजे घालून घ्यावे. आणि दुकानांत जिना असेल तर तो उतरून पाहावा. चढतांना सर्वच जोडे बरे वाटतात. उतरतांना अंगठा पुढें आपटला तर दुसऱ्या दिवशीं नख काळें होणारच. पाणी आंत न शिरूं देणारे महागडे जोडे सह्याद्रीच्या पावसांत घेऊं नयेत असें माझें मत आहे. आपल्या ओढ्यांतलें पाणी घोट्याच्या वरून आंत येतें, आणि मग तेंच अस्तर तें पाणी बाहेर जाऊं देत नाहीं. साधा, खोल खांचांचा, मऊ रबराच्या सोलाचा व लवकर निथळणारा जोडा चांगला. आम्हांला तो १६५० रुपयांस मिळाला.

पावसाच्या कोटाचीही गोष्ट अशीच आहे. १९६९ सालीं अमेरिकेंत बॉब गोर यांना टेफ्लॉन ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा करण्याची युक्ति साधली, आणि पुढें त्यांतून पाणी आंत न घेणारें पण घामाची वाफ बाहेर सोडणारें कापड निघालें. शोध मोठाच. परंतु आंतल्यापेक्षां बाहेरची हवा कोरडी असेल तरच वाफ बाहेर जाते. भाद्रपदांत हरिश्चंद्रगडावर बाहेरची हवा आधींच पाण्यानें भरलेली असते. अशा ठिकाणीं त्या कापडाचे दहा हजार रुपये मोजून घामानेंच भिजावयाचें असेल तर साडेसातशेंचा लेप दिलेला कोट काय वाईट? मात्र काखेंत हवा खेळण्यास जागा असावी, आणि आंतून उलटा करून पाहतां प्रत्येक शिवणीवर चिकटपट्टी बसवलेली दिसावी. पाणी कापडांतून क्वचित् येतें. तें सुईच्या भोंकांतून येतें. घरीं आणल्यावर आम्हीं कोटाची बाही परातींत खोलगट धरून तींत तांब्याभर पाणी ओतलें व पंधरा मिनिटें थांबलों. खालीं ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद कोरडा राहिला. दादा हा प्रयोग दारांतून पाहात होते. छत्रीविषयीं विचाराल तर कोंकणकड्यावरचा वारा तिला क्षणांत उलटी करतो. भातलावणीच्या बायका पूर्वीं जें इरलें वापरीत त्याला पाठ व डोकें एकदम झांकण्याची अक्कल होती, हात मोकळे राहात. तो गुण आजच्या कोटांत पाहावा.

आंत काय घालावें, याला एक पैसाही लागला नाहीं. सुताइतका उन्हाळ्यांतला मित्र नाहीं आणि पावसांतला वैरी नाहीं. तें पाणी धरून ठेवतें आणि अंगाची ऊब ओढून घेतें. लोंकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पिऊनही ओली लागत नाहीं, आणि चिंब झाली तरी थोडी ऊब राखते. १९२४ सालीं एव्हरेस्टवर नाहींसे झालेले मॅलरी यांचा देह १९९९ मध्यें सांपडला. त्यांच्या अंगावर रेशीम, सूत, लोंकर व गॅबर्डीन यांचे एकावर एक पातळ थर होते. पुढें तसलेच कपडे मुद्दाम शिवून घालून पाहिले, तेव्हां ते हसण्यासारखे मुळींच नाहींत असें आढळलें. आमच्या पुतणीसाठीं तिच्या आजीनें विणलेला जुना स्वेटर निघाला. व्यायामाच्या वेळीं घालतात तसला कृत्रिम धाग्याचा, चटकन वाळणारा सदरा तिच्यापाशीं होताच. हे दोन्ही जाड प्लास्टिकच्या पिशवींत बांधून ठेवावयाचे व मुक्कामीं पोंचल्यावरच उघडावयाचे. ह्या नियमाला अपवाद नाहीं. लोंकरी मोज्यांचे दोन जोड तेवढे २४० रुपयांस विकत घेतले.

विजेरी कपाळावर बांधावयाची घ्यावी, म्हणजे दोन्ही हात धरावयास मोकळे राहतात. खोक्यावरच्या 'लुमेन'च्या आंकड्यांना भुलूं नये. दीडशें-दोनशें लुमेन रात्रीच्या पाऊलवाटेस पुरेसे होतात. तीनशें रुपयांच्या वस्तूवर दहा हजारांचा आंकडा असेल तर तो छापणाऱ्याची कल्पनाशक्ति तेवढी उजेडांत येते. त्यापेक्षां 'आयपीएक्स' या अक्षरांपुढचा आंकडा वाचावा : ४ म्हणजे चोहोंकडून उडणारें पाणी सोसणारी, ७ म्हणजे मीटरभर पाण्यांत अर्धा तास राहणारी. आपल्यास ४ पुरतो. आंतच बसवलेल्या बॅटरीपेक्षां कोणत्याही खेड्यांतल्या दुकानीं मिळणारे सेल घालतां येणारी मला अधिक विश्वासाची वाटते. प्रवासांत एक सेल उलटा घालून ठेवावा, म्हणजे पिशवींत कळ दाबली जाऊन ती पेटत नाहीं. हें ज्ञान मला १९९६ सालीं असतें तर! विजेरी ४८० रुपये, जादा सेल ६० रुपये.

आतां पुतणीच्या यादींतून मीं काय खोडलें तें सांगतों, कारण त्यावरून आमचें थोडें वाजलें. तिला दोर हवा होता. लोखंडी सामानाच्या दुकानांत पिवळा प्लास्टिकचा दोर वजनावर मिळतो आणि तो गाडी ओढतो म्हणून माणूसही तोलील असें वाटतें. पण पडणाऱ्या माणसास वांचवणारा दोर किंचित् ताणला जाऊन धक्का गिळणारा असावा लागतो. तो गुण ह्या दोरांत नाहीं, आणि घर्षणाच्या उष्णतेनें तो लवकर वितळतो. आरोहणाच्या दोरावर आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघाचीं 'यूआयएए' हीं अक्षरें असतात. चढाईच्या कडीवर ती किती किलोन्यूटन भार सोसते तें कोरलेलें असतें व लांबीच्या दिशेनें तो आंकडा सहसा २० च्या खालीं नसतो. किल्ल्या अडकवण्याची रंगीत कडी दिसावयास हुबेहूब तशीच असते. काटकसर करावयाची तर हें सामान घेऊंच नये. ज्या वाटेला दोर लागतो तेथें अनुभवी संस्थेबरोबर, तिच्या सामानानें जावें. आणि कोणी वापरलेला दोर फुकट दिला तरी घेऊं नये, कारण त्यानें पूर्वीं काय सोसलें आहे हें त्याच्या अंगावर लिहिलेलें नसतें.

"पण काका, अडचण आली तर?" असें तिनें विचारलें व बाजारांतली एक डबी पुढें केली. तींत चाकू, तारेची करवत, मासे धरण्याचा गळ, चकमक व होकायंत्र होतें. होकायंत्राची सुई मीं डबी फिरवली तिकडे डबीबरोबरच फिरली. हरिश्चंद्रगडावर मासे धरण्याचा प्रसंग येत नाहीं. तेथें माणूस घसरतो, धुक्यांत वाट चुकतो, फुगलेला ओढा ओलांडावयास जातो किंवा भिजून गारठतो. त्या डबीच्या जागीं तीस रुपयांची शिटी घेतली. एका मिनिटांत सहा वेळ वाजवावी, एक मिनिट थांबावें, पुन्हां सहा वेळ. ऐकणारा मिनिटांत तीन वेळ वाजवून उत्तर देतो. आरडाओरड्यानें घसा अर्ध्या तासांत बसतो, शिटीला दम पुष्कळ असतो. मुरगळलेल्या पायास क्रेप बँडेज १२० रुपये व पाण्यांत टाकण्याच्या क्लोरीनच्या गोळ्या ४० रुपये. टांक्यांतलें पाणी फडक्यानें गाळून, गोळी टाकून अर्धा तास थांबावें. भ्रमणध्वनि पिशवींत बंद ठेवावा. ११२ हा क्रमांक त्यांत असतोच, परंतु डोंगराआड तो लागेल अशा भरंवशावर राहूं नये. म्हणून कोणत्या गांवाहून चढणार, कोणत्या वाटेनें उतरणार व किती वाजेपर्यंत फोन न आल्यास घरच्यांनीं हालचाल करावयाची, हें तिच्याकडून कागदावर लिहून घेतलें. वर पांचनईची वाट लिहिली होती. ती बदलावयाची झाल्यास निघण्यापूर्वीं कळवावयाचें, ही दादांची अट. पाण्याच्या बाटल्या रद्दींतल्या, काठी परसांतल्या वेळूची, पाठपिशवी शेजारच्यांची.

एकूण खर्च ३३७० रुपये झाला. उरलेले १३० रुपये मीं मातोश्रींपुढें ठेवले. त्यांनीं कागदावरून बोट फिरवीत हिशेब तपासला व शिटी कोठें आहे तें विचारलें. ती पुतणीच्या पिशवीच्या आंतल्या कप्प्यांत होती. "तिथें असून काय उपयोग? पडली तर पिशवी काढणार कशी?" असें म्हणून त्यांनीं देवघरांतला सुताचा गोफ आणून शिटी तिच्या गळ्यांत घातली. मला हें सुचलें नव्हतें.

निघण्याच्या पहाटे पिशवी उचलून पाहिली तों ती आदल्या रात्रीपेक्षां बरीच जड लागली. तींत तळाशीं ती जुनी घोंगडी होती, प्लास्टिकमध्यें नीट बांधलेली. मीं कोणाला विचारलें नाहीं. दादा तेव्हां अंगणांत उगाच पारिजातकाचीं फुलें वेंचीत होते.

रविवारीं रात्रीं नऊला ती परत आली. कोंकणकडा तिलाही दिसला नाहीं. दुसऱ्या दिवशीं दादांनीं तिचे जोडे स्वतः धुतले, आंत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलींत वाळवले, कागदांत गुंडाळून खोक्यांत ठेवले, आणि खोकें घेऊन ते माळ्याच्या शिडीकडे निघाले. वहिनींनीं तें त्यांच्या हातून काढून घेतलें.